सोळाव्या वर्षाचं कार्ड

केक कापायचा राहिला तो राहिलाच. नचिकेतने योकोहामाहून ट्रेनमध्ये मांडीवर जपत आणलेला तो पांढराशुभ्र, स्ट्रॉबेरी लावलेला केक टेबलाच्या मध्यावर होता आणि त्याच्याभोवती घरातली मोठी माणसं अशी गप्प बसली होती, की सगळ्याला तो केकच जबाबदार असावा.

निवृत्त फौजदार जयप्रकाश दळवी यांना ही शांतता ओळखीची होती. पोलिसाचं काम निघालं की घरात पसरते ती. चिपळूणच्या ठाण्यात असताना अशा किती घरांत ते जाऊन आले होते. फक्त तेव्हा ते गणवेशात असत आणि चहा नको म्हणत. आज जपानात, हिगाशी-कसाईतल्या सातव्या मजल्यावर, थोरल्या मुलाच्या, अंबरीषच्या घरात, ते लोकरीचे मोजे घालून त्या शांततेच्या आत बसले होते आणि हे त्यांना अजिबात मानवत नव्हतं.

झालं होतं ते असं. गुरुवारी अंबरीषच्या लेकीला, ओवीला, सोळावं पूर्ण झालं. पोरगी जन्मली इथेच, वाढली इथेच, स्वप्नंसुद्धा जपानीत पडतात म्हणून सांगते. पण पासपोर्ट भारताचा, त्यामुळे नियमाच्या लेखी ती परदेशी. आणि परदेशी माणसाला सोळा पूर्ण झाली, की रेसिडेन्स कार्ड सदैव जवळ बाळगावं लागतं. ओवीला त्याचं केवढं अप्रूप! आता मी मोठी, आता कार्ड माझ्याकडे राहणार. म्हणून मग सुनीताबाईंनी नातीचं औक्षण केलं, तेव्हा तबकात निरांजन, सुपारी, सोन्याची अंगठी यांच्या जोडीला नवंकोरं लाल पाकीट ठेवलं आणि पाकिटात ते कार्ड. कार्डाला हळदीकुंकूही लावलं. अंबरीषने दोन शब्द बोलून ते लेकीच्या हातात दिलं, विभाने फोटो काढले, चिपळूणच्या सगळ्या गोतावळ्याला पाठवले.

फक्त कार्डावरची तारीख कुणी वाचली नाही. लहान मुलांच्या कार्डाची मुदत सोळाव्या वाढदिवसाला संपते. त्याआधीच ते बदलून घ्यायचं असतं. घरातल्या सगळ्यांच्या व्हिसाचं बघणारा अंबरीष; व्हिसाची मुदत त्याला झोपेतून उठवून विचारली तरी सांगता आली असती आणि ती अजून पुष्कळ होती. पण व्हिसाची मुदत वेगळी नि कार्डाची वेगळी, हे त्याच्या गावीही नव्हतं. मुदत संपलेल्या कार्डाला ओवाळणारं दुसरं कुटुंब साऱ्या जपानात सापडलं नसतं.

आज शनिवारी दुपारी ओवीला सायकल स्टँडवर कुणाची तरी पर्स सापडली. इथल्या पोरांना बालवाडीपासून एक सवय लावलेली असते : रस्त्यात काही सापडलं, तर ते उचलून कोबानमध्ये, म्हणजे कोपऱ्यावरच्या पोलीस चौकीत द्यायचं. ओवी गेली. चौकीत मात्सुदा-सान होते. ओवी पिवळी टोपी घालून शाळेत जायची तेव्हापासून तिला रस्ता ओलांडून देणारे, तिचा पडलेला दात कौतुकाने बघणारे मात्सुदा-सान. त्यांनी नाव-पत्ता लिहून घेतला, वय विचारलं. सोळा म्हटल्यावर अभिनंदन केलं आणि म्हणाले, अरे वा, मग आता कार्ड बाळगायला लागलीस की नाही? आणि आमच्या बाईसाहेबांनी मोठ्या ऐटीत लाल पाकीट उघडून कार्ड त्यांच्या हातावर ठेवलं.

मात्सुदा-साननी तारीख वाचली. मग त्यांचा चेहरा बदलला. कार्डाची प्रत काढून घेतली, आत जाऊन कुठेतरी फोन केला आणि सांगितलं, संध्याकाळी वडिलांना घेऊन ये.

"जायची काही गरज नाही," धाकटा मुलगा नचिकेत म्हणाला. "सोमवारी सकाळी सरळ इमिग्रेशन ऑफिसला जायचं, चूक झाली म्हणायचं, नवीन कार्ड घ्यायचं. चौकीत जाऊन आपणहून कशाला अडकायचं? दादा, तुझा पीआरचा अर्ज आत आहे. त्यात एक पोलीस रिपोर्ट लागला तर?"

हीच तर खरी धास्ती होती. कायम राहायची परवानगी मिळावी म्हणून अंबरीषने वसंतातच अर्ज केला होता. ती मिळाली की नोकरीच्या तालावर नाचणारा व्हिसा संपला, ओवीचं कॉलेज इथेच, घरसुद्धा इथेच. आणि आता त्यात एका कार्डाने माशी शिंकली होती.

"दिवाळीत तूच म्हणत होतास ना," विभा म्हणाली. तिचे डोळे लाल होते, पण आवाज चांगलाच धारदार होता. "पोलिसांनी प्रत्येकाचं कार्ड बघायलाच हवं म्हणून? करंजी खाता खाता अर्धा तास सांगत होतास. बिनकागदाची माणसं आपलं नाव खराब करतात म्हणे. मग बघितलं त्यांनी. आता का बदललास?"

"वहिनी, ते वेगळं."

"काय वेगळं? आपलं आहे म्हणून?"

नचिकेतने उत्तर म्हणून एक स्ट्रॉबेरी उचलली. सुनीताबाईंनी त्याच्या हातावर चापट मारली.

"पण भाऊजींचं तेव्हा बरोबर होतं, असं मी म्हणत नाही हं," विभा पुढे म्हणाली. "ओवी तिथे पर्स द्यायला गेली होती. चोरी करायला नाही. दर दिवाळीला मी मात्सुदा-सानना लाडू घेऊन जाते. एक लाडू घेत नाहीत, वाकून वाकून परत करतात, तरी मी नेते. आपली माणसं वाटतात म्हणून नेते. आणि आपल्या माणसाने लहान मुलीचं कार्ड घेऊन फोन करायचा?"

"नियम आहे त्यांचा, विभा," अंबरीष खालमानेने म्हणाला. "चूक माझी आहे. तारीख मी वाचायला हवी होती."

"चूक तुझी आहेच, त्यावर दुमत नाही," नचिकेत म्हणाला. आता तो वहिनीच्या बाजूला सरकला होता. एकटं पडायची त्याला लहानपणापासून भीती. "पण पोलिसाने पर्स घ्यावी, पावती द्यावी, विषय संपवावा. व्हिसाचं खातं वेगळं, त्यांची माणसं वेगळी. बाबा, तुम्ही सांगा. तुम्ही असतात तर काय केलं असतंत?"

सगळे जयप्रकाशांकडे बघू लागले. इथे आल्यापासून त्यांचं आणि मात्सुदा-सानचं गूळपीठ सगळ्या इमारतीला ठाऊक होतं. रोज सकाळी फिरायला निघाले, की कोबानसमोर थांबून ते कडक सॅल्यूट ठोकत. मात्सुदा-सानही ठोकत. भाषेवाचून दोघांचं काही अडत नव्हतं. लहानपणी ओवी व्हिडिओ कॉलवर आजोबांना डाव्या हाताने सॅल्यूट करायची आणि ते चिपळूणहून ओरडायचे, "उजवा! उजवा हात!"

"आमच्याकडे वीजमंडळाचे एक इंजिनिअर होते," जयप्रकाशांनी सुरुवात केली.

"आकड्यांची गोष्ट," दोघे मुलगे एकदम म्हणाले.

"ऐका. एका वाडीतला म्हातारा पहाटे ठाण्यात आला. जत्रेत हरवलेलं मूल खांद्यावर घेऊन. रात्रभर त्याने सांभाळलेलं. मी त्याच्या घरी जाऊन आलो. घरावरच्या तारेवर टाकलेला आकडा. चोरीची वीज. मला दिसला. दुसऱ्या दिवशी इंजिनिअर आले. म्हणाले, तुम्ही वाड्यावाड्यांतून फिरता, कुणाकडे आकडे आहेत तेवढं आम्हाला कळवत चला. मी म्हटलं, साहेब, मी मूल बघायला गेलो होतो, तारा नाही. तुमचे आकडे मी शोधायला लागलो, तर पुढचं हरवलेलं मूल माझ्याकडे कोण आणून देईल?"

"बघा!" विभा म्हणाली.

"आणि पुढचं सांगा की," सुनीताबाई म्हणाल्या. "त्याच आकड्यांनी ट्रान्सफॉर्मर जळला आणि ऐन गणपतीत साऱ्या वाडीने मेणबत्त्या लावून आरत्या म्हटल्या. पैसे भरणाऱ्यांनीसुद्धा. आपल्या मधल्या वन्सं तिथेच होत्या. तुमच्या नावाने बोटं मोडत होत्या."

जयप्रकाशांनी चष्मा पुसला. गोष्टीचा हा भाग ते सहसा गाळत. बायको मात्र नेमका तोच लक्षात ठेवत आली होती, आणि त्यात तिचं काही चुकतही नव्हतं.

"मग काय करायचं?" अंबरीषने विचारलं. पंचेचाळीस वर्षांचा, हाताखाली माणसं असलेला मुलगा. पण आत्ता तो प्रगतिपुस्तक घेऊन आल्यासारखा दिसत होता.

"बोलावलंय ना त्याने? मग जायचं. आपण तोंड चुकवलं, तर उद्या ती पोर तोंड चुकवायला शिकेल. कोट घाल. मी ओवीला आणतो."

ओवी आतल्या खोलीत पांघरूण डोक्यावरून ओढून पडली होती. दुपारपासून ती कुणाशी मराठीत बोलली नव्हती. आई काही विचारायची, ही जपानीत तोडून टाकायची. जयप्रकाश पलंगाच्या कडेला बसले. गुडघे कुरकुरले.

"ओवी."

पांघरुणातून जपानीत काहीतरी आलं.

"मला कळत नाही बाळा. म्हाताऱ्याला मराठीत शिव्या दे."

मग पांघरुणाची कड खाली आली. "शिव्या नाही दिल्या. मी म्हटलं, आता मी काहीच उचलणार नाही. कुणाचं काही पडू दे. मी नाही बघणार."

"बरं."

"तुम्ही रागावत नाही?"

"नाही. मला राग तुझ्या बापाचा आलाय. आणि माझा. मी त्या कार्डाचे फोटो पन्नास जणांना दाखवले, तारीख मलाही दिसली नाही. पोलिसाला, म्हणजे बघ."

ओवीला हसू आलं. ते तिने आवरलं. मग तिचा चेहरा पुन्हा कोसळला. "आजोबा, त्यांनी मला नेहमीसारखं लाडाने ओवी-चान म्हटलं नाही. कार्ड बघितल्यावर. कार्डावर आहे तसं पूर्ण नाव वाचलं. दळवी ओवी अंबरीष. जसं काही मी कुणीतरी दुसरीच आहे."

हे जयप्रकाशांना थेट लागलं. रिपोर्ट, अर्ज, पीआर यांवर घर डोकं फोडून घेत होतं, आणि पोरीचं दुःख एवढं होतं. एवढं म्हणजे केवढं, ते त्यांना नीट कळत होतं. ज्या माणसाला ती आपला म्हणत आली, त्याने तिला अर्ध्या मिनिटात परकी करून टाकलं होतं. त्यांनी तिच्या केसांवरून हात फिरवला.

"चल. मला त्याच्याशी बोलायचंय. दुभाषी पाहिजे."

"बाबा आहेत की."

"तुझा बाबा तिथे फक्त माफी मागणार. मला काहीतरी बोलणारं माणूस पाहिजे."

निघताना सुनीताबाईंनी नवऱ्याचा पासपोर्ट बनियनला शिवलेल्या आतल्या खिशात असल्याची स्वतःच्या हाताने खात्री करून घेतली. "तुम्हाला पण धरून ठेवतील. तिथेच सॅल्यूट मारत बसाल," त्या म्हणाल्या.

बाहेर अंधार पडला होता. गिंकोच्या झाडांची पिवळी पानं पदपथावर सांडली होती. कोबानचा लाल दिवा लांबूनच दिसत होता. रोज तो दिसला, की जयप्रकाशांची छाती आपोआप पुढे यायची. आज आली नाही. आत गेल्यावर मात्सुदा-सान उठून उभे राहिले, सवयीने जयप्रकाशांच्या हाताकडे बघितलं. जयप्रकाशांनी हात कोटाच्या खिशातच ठेवले. पोलिसाला पोलिसाचं कळतं. मात्सुदा-साननी नजर खाली केली.

अंबरीषने व्हायचं तेच केलं. वाकला, माफी मागितली, ओवीचं लाल पाकीट टेबलावर ठेवलं, पुन्हा वाकला, कागदांवर सह्या केल्या. ओवी भिंतीला टेकून उभी होती. मात्सुदा-सान बराच वेळ हळू आवाजात बोलले.

"काय म्हणतोय?" जयप्रकाशांनी विचारलं.

ओवी सपाट आवाजात सांगू लागली. "म्हणतात, मी वर कळवलं आहे. बघितल्यावर न कळवणं मला जमणारं नव्हतं. पण असंही लिहिलंय, की मुलगी स्वतःहून सापडलेली वस्तू द्यायला आली होती, कार्ड तिने स्वतःच दाखवलं, आणि त्याच दिवशी वडील आले. सोमवारी इमिग्रेशनची खिडकी उघडताच जा, फोटो न्या. बाबांच्या अर्जाचं काय होईल ते त्यांना सांगता येत नाही. ते त्यांच्या हातात नाही."

म्हणजे कळवलं होतं. अंबरीषचे खांदे उतरले. त्याने मान हलवली आणि पुन्हा वाकला.

"आता माझं सांग," जयप्रकाश म्हणाले. "जसं बोलतो तसंच सांग, गुळगुळीत करू नको. म्हणावं, मी तुझी नोकरी तीस-बत्तीस वर्षं केलीय. तू नियम पाळलास, ठीक. तुझ्या जागी मी असतो, तर कदाचित वाकडी वाट केली असती. मग कदाचित माझ्यामुळे कुणाचा तरी दिवा गेला असता. तेव्हा मी तुला शिकवायला आलेलो नाही."

ओवीने सांगितलं. 'दिवा गेला' याचं तिने काय केलं, देव जाणे. मात्सुदा-सान लक्ष देऊन ऐकत होते.

"पण एक विचार त्याला. ही पोरगी इतकी वर्षं तुझ्या दारात धावत आली. पुढच्या वेळी हिला काही सापडलं, किंवा हिलाच कुणी त्रास दिला, तर ही येईल का? आणि ही न येण्याने कार्डांच्या खात्याचं काही बिघडणार नाही. तुझं बिघडेल."

ओवी थांबली. "आजोबा, हे मी कसं सांगू? माझ्याबद्दल मीच?"

"म्हणून तर तुला आणलं."

ती बोलली. सुरुवातीला भराभर, मग अडखळत. शेवटचं वाक्य तिने जमिनीकडे बघत म्हटलं. मात्सुदा-सान टेबलामागून बाहेर आले, ओवीसमोर उभे राहिले आणि तिला काहीतरी विचारलं. तिने एका शब्दात उत्तर दिलं. त्यांनी मान डोलावली, लाल पाकीट दोन्ही हातांनी तिच्या पुढे धरलं. तिने ते घेतलं.

सॅल्यूट न करता जयप्रकाश बाहेर पडले. हात खिशातच दुखत होता.

अंबरीष विभाशी फोनवर बोलत पुढे चालला होता. "हो, कळवलंय. नाही, रागावले नाहीत. अगं रडू नकोस. केक कापू आल्यावर." आजोबा आणि नात मागून हळूहळू येत होते. ओवीने पाकीट उजव्या मुठीत आवळून धरलं होतं.

"काय विचारलं त्याने तुला?"

"तुमचंच. येशील का, म्हणून."

"तू काय म्हणालीस?"

"माहीत नाही, म्हटलं."

"खरं बोललीस," जयप्रकाश म्हणाले. त्यांना वाईट वाटलं आणि तिचा अभिमानही वाटला. दोन्ही एकदमच वाटलं, त्यातलं कुठलं जास्त ते त्यांना सांगता आलं नसतं.

बागेच्या वळणावर पानांत काहीतरी पडलेलं होतं. तान्ह्या बाळाचा एक मोजा, सशाचे कान असलेला. ओवी त्याच्यावरून पुढे गेली. चार पावलांवर थांबली, जीभ टाळ्याला लावून स्वतःवरच चुकचुकली आणि मागे आली. मोजा उचलला, झटकला. कोबानचा लाल दिवा तिथून दिसत होता. तिने दिव्याकडे पाहिलं, मोज्याकडे पाहिलं आणि मोजा बागेच्या कठड्यावर, जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसेल असा अडकवून ठेवला.

"इथेही ठेवतात," ती म्हणाली. "चालतं."

"चालतं की," जयप्रकाश म्हणाले. त्यांनी तिला काही सांगितलं नाही. बोलायचं ते चौकीत बोलून झालं होतं, आणि या बाबतीत पोरीचं मन वळवणं हे त्यांचं काम नव्हतं. ते ज्याचं होतं त्याने करायला हवं होतं.

रस्ता ओलांडायला सिग्नलपाशी उभे राहिले, तेव्हा त्यांनी जुन्या खोडीने मागे वळून पाहिलं. मात्सुदा-सान चौकीच्या बाहेर आले होते. टोपी नीट करत कठड्यापर्यंत चालत आले. मोजा काढून घेतला, हातमोजा उतरवून त्यावरची पानाची काडी झटकली आणि तो दोन्ही हातांत धरून इकडे बघत उभे राहिले. मग त्यांनी हाक मारली. ती जपानी असली, तरी जयप्रकाशांना कळली.

"ओवी-चान!"

आणि ते वाकले. सोळा वर्षांच्या पोरीपुढे वाकावं त्यापेक्षा बरंच खाली.

ओवी वळली होती. सिग्नल हिरवा झाला, पुढून अंबरीष हाक मारत होता, तरी ती हलली नाही. मग ती ताठ उभी राहिली, टाचा जुळवल्या आणि हात कपाळाला नेला.

जयप्रकाश नेहमीसारखे खेकसले, "अगं, डाव्या हाताने करतात का सॅल्यूट? किती वर्षं सांगतोय!"

"उजव्या हातात कार्ड आहे ना, आजोबा," ओवी म्हणाली.